आई-बाबांना घेऊन रॉकी माउंटनमध्ये तंबूत तीन रात्री: आखणी कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा: डॅलसमधलं कुटुंब, नवरा-बायको आणि ९ व ६ वर्षांची दोन मुलं. जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. बाबा ६७ वर्षांचे, त्यांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. आई ६४ वर्षांच्या, त्यांचे गुडघे दुखतात. जुलैत विमानाने डेन्व्हरला येऊन कोलोरॅडोच्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये तीन रात्री तंबूत राहायचंय. आजवर कोणीच कॅम्पिंग केलेलं नाही. जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमेल. मी डेन्व्हरच्या उत्तरेला राहते आणि उन्हाळ्यात मराठी कुटुंबांना याच पार्कात मुक्कामाला घेऊन जाते. आजी-आजोबा त्यात नेहमी असतात. त्यामुळे पहिलीच विनंती अशी की काय काय बघायचं या यादीवरून ही सहल आखू नका, रात्रींवरून आखा. किती उंचीवर झोपणार, अंगाखालची गादी किती ऊब धरते, रात्री संडासला किती चालावं लागणार आणि कोणाला बरं वाटेनासं झालं तर खाली उतरायला किती वेळ लागणार, एवढं नीट जुळवा. बघण्यासारखं तर तिथे तंबूच्या दारातूनही दिसतं.

उंचीपासून सुरुवात करते, कारण सर्वात जास्त सहली तिथेच बिघडतात. डॅलस समुद्रसपाटीपासून चारशे-साडेचारशे फूट उंच आहे. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, आणि डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर वसलंय. म्हणजे विमानतळावर उतरलात की जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर आलात. पार्काच्या दारातलं एस्टेस पार्क हे गाव साडेसात हजार फुटांवर आहे, मोरेन पार्क कॅम्पग्राउंड ८,१६० फुटांवर आणि ट्रेल रिज रोड हा पार्कातला प्रसिद्ध रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. आठ हजार फुटांवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, आणि बारा हजारांवर दोन तृतीयांशापेक्षाही कमी. विरळ हवेचा त्रास साधारण आठ हजार फुटांपासून सुरू होतो: डोकं दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. त्याचा तब्येत कमावलेली असण्याशी फारसा संबंध नाही. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यालाही तो होतो आणि ९ वर्षांच्या मुलालाही.

यावर खात्रीचा इलाज म्हणजे हळूहळू चढणं. डॅलसहून सकाळच्या विमानाने येऊन त्याच रात्री तंबूत झोपायचा बेत असेल तर तो आधी मोडा. पहिली रात्र डेन्व्हरमध्ये किंवा पायथ्याजवळच्या लाँगमाँट या गावी, दुसरी एस्टेस पार्कच्या एखाद्या साध्या हॉटेलात आणि मग तंबू. रजा कमी पडत असेल तर तंबूतली एक रात्र कमी करा, हॉटेलातली नको. पहिले दोन दिवस भरपूर पाणी, हलकं जेवण, दारू अजिबात नाही आणि झोपेची गोळीही नाही, कारण त्यांनी झोपेत श्वास मंदावतो. या उंचीवर झोपलेल्या माणसाचा श्वास काही सेकंद थांबून पुन्हा जोरात सुरू झाल्यासारखा वाटतो. शेजारी झोपलेला घाबरून उठतो. तेवढ्याने घाबरू नका, पण आईंना आणि बाबांना हे आधीच सांगून ठेवा.

पुण्याहून निघण्याआधी दोघांनी आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवीचं औषध आहे का, उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्स ही गोळी घ्यावी का, आणि हृदयाची तपासणी अलीकडे झाली आहे का. डायमॉक्स स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती चालत नाही, आणि तिनेही लघवी वाढते. सगळी औषधं प्रवासात हातातल्या बॅगेत ठेवा. कोणाला स्लीप ॲप्नियाचं (झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचं) मशीन लागत असेल तर आधीच विचार करा, कारण तंबूच्या बहुतेक जागांवर वीज नाही. आणि व्हिजिटर इन्शुरन्सची पॉलिसी नीट वाचा, जुन्या आजारांबद्दलचं कलम तर दोनदा.

त्रास ओळखायचा कसा, हे एका रात्रीवरून सांगते. एका गटातले आजोबा संध्याकाळी खिचडी नको म्हणाले. दमले असतील असं सगळ्यांना वाटलं. रात्री दहाला डोकं दुखायला लागलं, साडेअकराला उलटी झाली. त्यांना मी तंबूबाहेर उभं केलं आणि जमिनीवरच्या फांदीच्या कडेने, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चार पावलं नीट गेली, पाचव्याला तोल गेला. पुढे काही विचारायचं उरलं नव्हतं. त्यांना आणि त्यांच्या मुलाला गाडीत घालून आम्ही गावातल्या रुग्णालयात गेलो, तिथे त्यांना प्राणवायू लावला आणि पहाटे लाँगमाँटला उतरवलं. दुपारपर्यंत ते स्वतःहून चहा मागत होते. नुसतं डोकं दुखत असेल तर आराम, पाणी, साधी डोकेदुखीची गोळी आणि आणखी वर न जाणं पुरतं. पण बसल्या जागी दम लागणं, तोल जाणं किंवा बोलण्यात गोंधळ यापैकी एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. लगेच खाली उतरायचं आणि ९११ ला कळवायचं. म्हणूनच गाडीची किल्ली आणि चष्मा रोज रात्री एकाच ठरलेल्या जागी असू द्या, आणि गाडीत सामान असं भरा की दोन माणसं झोपाळल्या अवस्थेतही लगेच बसू शकतील.

आता जागा. पार्कात गाडीने पोहोचता येतील अशी पाच कॅम्पग्राउंड्स आहेत: ॲस्पनग्लेन, मोरेन पार्क, ग्लेशियर बेसिन, लाँग्ज पीक आणि पश्चिमेला टिंबर क्रीक. लाँग्ज पीक सुमारे साडेनऊ हजार फुटांवर आहे, तुमच्यासाठी नको. टिंबर क्रीकच्या बाजूला मूस, म्हणजे घोड्याएवढी मोठी हरणं, छान दिसतात, पण ते जवळपास नऊ हजार फुटांवर आहे, झाडं सालकिड्याने मेल्यामुळे तिथे सावली नाही, आणि एस्टेस पार्कचं रुग्णालय ट्रेल रिजच्या पलीकडे राहतं. ग्लेशियर बेसिन उत्तम आहे, फक्त थोडं उंच आणि बरंच उघडं. माझी पसंती मोरेन पार्कला. पाँडेरोसा पाइनची सावली आहे, समोर मोठं कुरण आहे, गाव पंधरा-वीस मिनिटांवर आणि बेअर लेक या प्रसिद्ध तळ्याकडे जाणारा रस्ता हाताशी. तिथे जागा मिळाली नाही तर ॲस्पनग्लेन. ते लहान आणि शांत आहे आणि गावापासून तेवढंच जवळ.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी उघडतं. १९ जुलैच्या रात्रीची जागा १९ जानेवारीला कोलोरॅडोच्या वेळेनुसार सकाळी ८ वाजता मिळते, म्हणजे तुमच्या डॅलसला ९. आदल्या दिवशीच खातं उघडून ठेवा, कार्डाची माहिती भरा आणि आवडलेल्या पाच-सहा जागांचे क्रमांक कागदावर लिहून बसा. रविवार ते बुधवार असा बेत ठेवलात तर शक्यता बरीच वाढते. शुक्रवार-शनिवारच्या जागा बघता बघता जातात. पहिल्या प्रयत्नात नाही मिळाली तर निराश होऊ नका. लोक बेत बदलतात, जागा परत येतात, आणि रद्द झालेल्या जागेची सूचना लावून ठेवता येते. पार्काबाहेर ऑलिव्ह रिज नावाचं राष्ट्रीय वनखात्याचं कॅम्पग्राउंड आहे, सुमारे ८,३५० फुटांवर. तेही वाईट नाही.

जागा निवडताना संकेतस्थळावरचे फोटो आणि नकाशा दोन्ही उघडा. आईंच्या गुडघ्यांसाठी गाडी लावायची जागा आणि तंबूची जागा यांच्यात पायऱ्या नकोत. काही जागांवर सामान चालत न्यावं लागतं, त्या टाळा. संडास पन्नास-साठ पावलांवर असावा, पण अगदी शेजारी नको, कारण दार रात्रभर वाजतं आणि दिवा डोळ्यांवर येतो. अपंगांसाठी राखीव जागा ज्यांच्याकडे तसा परवाना आहे त्यांच्यासाठीच आहेत, गुडघे दुखतात म्हणून त्या घेऊ नयेत. एका जागेवर ८ माणसं चालतात, त्यामुळे तुम्हा सहा जणांना एक जागा पुरते.

प्रवेशाचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यात पुष्कळ जण अडकतात. गेली काही वर्षं उन्हाळ्यात या पार्कात ठरावीक वेळेचा परवाना लागतो, त्याला इथे टाइम्ड एंट्री म्हणतात. बेअर लेकच्या रस्त्यासाठी एक आणि बाकीच्या पार्कासाठी दुसरा, असे दोन प्रकार असतात. मोरेन पार्क किंवा ग्लेशियर बेसिनला मुक्काम असेल तर त्या बुकिंगवरच बेअर लेकच्या रस्त्याने जाता येतं, पण पोहोचण्याच्या दिवशी दुपारपासून. ॲस्पनग्लेनच्या बुकिंगवर बेअर लेकचा रस्ता मिळत नाही, त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. हे नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीच पार्काच्या पानावर त्या वर्षीचे वाचून घ्या. आणि २०२६ पासून एक नवी गोष्ट झाली आहे: अमेरिकेबाहेरून आलेल्या १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक पाहुण्यामागे ११ मोठ्या पार्कांत १०० डॉलर जादा आकार आहे आणि रॉकी माउंटन त्या ११ मध्ये येतं. परदेशी पाहुण्यांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पासही आहे. आई-बाबांना याच मुक्कामात यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनही दाखवणार असाल तर एक पास घेणं स्वस्त पडतं का, हे आत्ताच मांडून बघा.

सामानाची खरेदी एकदम करू नका. तंबू, स्लीपिंग बॅग आणि मॅट डेन्व्हरमध्ये आणि एस्टेस पार्कमध्ये भाड्याने मिळतात. दोन तंबू घ्या. आई-बाबांचा असा असावा की आत उभं राहून कपडे बदलता येतील. रॉकी माउंटनमध्ये तंबू ठरवून दिलेल्या खडीच्या चौथऱ्यावरच लावावा लागतो. बाजूच्या गवतावर चालत नाही. खडी घट्ट असते, ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या वाकतात. लोखंडी खुंट्या आणि छोटी हातोडी मागून घ्या. खुंटी न ठोकताही स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू निवडा, आणि चौथऱ्याचं माप आधी संकेतस्थळावर बघा, कारण मोठा तंबू कधी कधी त्यावर बसतच नाही.

जुलैत दिवसा टीशर्टात फिराल, पण पहाटे पारा ५ ते ८ अंश सेल्सियसवर येतो, कधी त्याहूनही खाली. थंडी अंगावरून कमी आणि जमिनीकडून जास्त लागते, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगूनही पटत नाही. पांघरुणं चार घेतली आणि अंगाखाली पातळ चटई असली तर रात्रभर कुडकुडणार. आई-बाबांसाठी घडीची कॅम्पिंग खाट घ्या आणि तिच्यावरही जाड, ऊब धरणारी मॅट टाका, कारण खाटेखालून वारा वाहतो. खाट घ्यायचं दुसरं कारण गुडघे. जमिनीवरून उठणं आईंना जड जाईल, खाटेवरून त्या खुर्चीवरून उठल्यासारख्या उठतील. झोपताना स्टीलच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. दिवसभर घातलेले कपडे झोपताना बदलायचे, ते घामाने ओलसर असतात. आणि पुण्याहून माकडटोप्या आणायला सांगाच. इथल्या महागड्या दुकानांत मान, कान आणि कपाळ एकदम झाकणारी इतकी चांगली वस्तू मी पाहिलेली नाही. सुती साडी किंवा सुती पायजमा तंबूत झोपायला नको. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही. लोकर किंवा फ्लीस हवं.

रात्री संडासला जाण्याची तयारी उजेडातच करायची. प्रत्येकाला डोक्याला बांधायचा दिवा, दारातच मागून बंद असणाऱ्या चपला, आणि दिवस मावळण्याआधी आई-बाबांना दोनदा ती वाट चालवून आणायची. ब्लडप्रेशरची गोळी, भरपूर पाणी आणि थंडी, म्हणजे बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागणारच. त्यांना एकटं जायला लावू नका आणि उठवायला संकोच वाटू नये म्हणून आधीच बोलून ठेवा. रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणीच न पिणारे आजी-आजोबा मी दर उन्हाळ्यात बघते, आणि सकाळी डोकं धरून बसतात तेही तेच.

आता स्वयंपाक आणि अस्वल. दोन्ही एकत्रच सांगायला हवं.

या पार्कात काळी अस्वलं आहेत, ग्रिझली नाहीत. काळं अस्वल माणसाला शोधत येत नाही, ते वासामागे येतं. एकदा का त्याला तंबूच्या जागेवर खायला मिळालं की ते पुन्हा पुन्हा येतं, धीट होतं आणि शेवटी बहुतेक वेळा त्यालाच मारावं लागतं. म्हणून कॅम्पग्राउंडमध्ये लोखंडी पेट्या असतात आणि वास असलेली प्रत्येक वस्तू त्यात ठेवावी लागते. आपल्या लोकांच्या डोक्यात खाण्याचं सामान येतं, बाकीचं येत नाही. खोबरेल तेल, बाम, दातांची पेस्ट, साबण, अत्तर, सुपारीची डबी, खोकल्याच्या गोळ्या, उदबत्तीचा पुडा, आईंच्या पर्समधला खडीसाखरेचा प्रसाद, मुलांच्या खिशातलं चॉकलेट, हे सगळं पेटीत. कुकर आणि तवा धुतलेला असला तरी पेटीत. झोपण्याआधी प्रत्येकाचे खिसे आणि पर्स तपासायचं काम ९ वर्षांच्या मुलाकडे द्या. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात. तंबूत काहीही खायचं नाही, आणि उदबत्ती, निरांजन किंवा शेगडी तर आत कधीच नाही. आग लागते आणि विषारी वायूही साठतो.

शिजवणं इथे वेगळं असतं. साडेआठ हजार फुटांच्या आसपास पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं. ते खळखळून उकळताना दिसतं, पण त्यात तूरडाळ तासाभरानेही गळत नाही आणि भात मध्ये कच्चा राहतो. त्यामुळे तीन लिटरचा कुकर डॅलसहून घेऊन या. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून उष्णता पुरेशी मिळते, फक्त घरच्यापेक्षा दोन शिट्या जास्त द्या. राजमा, छोले यांच्या नादी लागू नका. मूगडाळीची खिचडी हे तंबूतलं सर्वात शहाणं जेवण. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवली की गॅस निम्म्याने वाचतो. दोन शेगड्यांचा प्रोपेनचा स्टोव्ह आणि सिलिंडर डेन्व्हरला उतरल्यावरच घ्या, कारण सिलिंडर विमानात चालत नाही आणि आधी वापरलेला स्टोव्हही विमानकंपनी अडवू शकते. प्रोपेन मुद्दाम सांगते आहे. ब्युटेनची छोटी डबडी थंड सकाळी मान टाकतात.

पहिल्या संध्याकाळी स्वयंपाक ठेवूच नका. तंबू लावण्यात सगळे दमलेले असतात, वारा असतो, आणि उंचीमुळे भूकही धड नसते. दशम्या किंवा ठेपले, लसणाची चटणी, दही, बस. दुसऱ्या सकाळी उपमा: रवा घरीच भाजून, त्यात फोडणी मुरवून, गार करून पिशवीत भरून आणायचा. जागेवर फक्त उकळतं पाणी आणि मीठ. संध्याकाळी खिचडी, वर तूप, भाजलेला पापड. तिसऱ्या दिवशी भाजणीचं थालीपीठ. कोणाचं पोट बिघडलं तर मऊ भात आणि मेतकूट, म्हणून मेतकूट आणाच. तळण नको, आणि फोडणी होईल तितकी घरी. तंबूच्या कापडात बसलेला फोडणीचा वास धुऊनच जातो. शेगडी तंबूपासून लांब ठेवा आणि स्वयंपाकाचे कपडे रात्री गाडीत काढून ठेवा. जुलैच्या त्या दिवसांत आषाढी एकादशी येत असेल तर साबुदाणा रात्री भिजवून पेटीत ठेवता येतो, पण दोघांनाही स्पष्ट सांगा की या उंचीवर निर्जळी उपास नाही.

भांडी पिण्याच्या नळाखाली धुवायची नाहीत. खरकटं कागदाने पुसून कचऱ्यात टाका, उरलेलं पाणी गाळून सांडपाण्यासाठी ठेवलेल्या जागी ओता. तंबूशेजारी भाताचं पाणी ओतलंत तर खारी आणि इतर प्राणी लगेच येतात. चिपमंक कितीही गोड दिसला तरी त्याला शेंगदाणा द्यायचा नाही, चावतो आणि त्याच्या अंगावरच्या पिसवांमधून रोग पसरू शकतो.

दिवस कसा काढायचा हे तिथलं आभाळ ठरवतं. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ स्वच्छ असते, अकरानंतर शिखरांमागून पांढरे ढग वर यायला लागतात आणि दुपारी विजांसकट पाऊस होतो. गारा पडतात. झाडांची रेषा सुमारे ११,४०० फुटांवर संपते. तिच्या वर माणूसच सर्वात उंच वस्तू असतो. जुलै २०१४ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत या पार्कात वीज पडून दोन माणसं गेली. त्यामुळे वरचं सगळं सकाळी बघायचं आणि बाराच्या आत झाडांच्या रेषेखाली यायचं. वर असताना गडगडाट ऐकू आला तर फोटो सोडा आणि गाडीत बसून काचा लावा. बंद गाडी सुरक्षित असते. तंबू, एकटं झाड, पाण्याचा काठ यातलं काहीच नाही.

पहिल्या दिवशी तंबू लावा, कुरणाच्या कडेने थोडं चाला, लवकर जेवा. जागा दुपारी एकला ताब्यात येते आणि पाऊस दोन-अडीचला येऊ शकतो, म्हणून पावसाचं वरचं कापड आधी हाताशी काढून ठेवा. दुसऱ्या सकाळी स्प्रेग लेक. तळ्याभोवती सुमारे मैलभराची सपाट वाट आहे, व्हीलचेअरही जाते, ठिकठिकाणी बाकं आहेत. साडेसहाला पोहोचलात तर तळ्यात शिखरांचं प्रतिबिंब स्थिर दिसतं, आठनंतर वारा ते मोडतो. आईंसाठी ही वाट मी इतर कुठल्याही वाटेपेक्षा वर ठेवते. मुलांना दम असेल तर तुमच्यापैकी एकाने त्यांना बेअर लेकवरून निम्फ आणि ड्रीम लेकला न्यावं, जायला सव्वा मैलाच्या आत आहे. बाकीचे बेअर लेकच्या काठावर बसू शकतात, पण ते साडेनऊ हजार फुटांवर आहे हे लक्षात ठेवा. दुपारी झोप. मुलांना ज्युनियर रेंजरची पुस्तिका आणून द्या. ती भरली की रेंजर शपथ घ्यायला लावून बिल्ला देतात, आणि पावसाची दुपार त्यात जाते.

ट्रेल रिज तिसऱ्या दिवशीच, त्याआधी नाही. सातच्या आत निघा. हा रस्ता १९३२ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि त्यातला सुमारे ११ मैलांचा भाग झाडांच्या रेषेच्या वर आहे. कठडे फार थोडे आहेत, त्यामुळे गाडी चालवायला घाटाची सवय असलेला माणूस बसवा आणि ज्यांना दरीची भीती वाटते त्यांना डोंगराच्या बाजूला. वर रॉक कट या थांब्यावर उतरा. तिथल्या टुंड्राची, म्हणजे झाडं न वाढणाऱ्या थंड माळाची, फुलं नखाएवढी असतात आणि त्या गवतावर पडलेलं पाऊल भरून यायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून डांबरी वाट सोडू नका. आई-बाबांनी गाडीतून उतरून दहा मिनिटं हळू चालावं, बोलताना दम लागला तर परत बसावं. अल्पाइन व्हिजिटर सेंटरला गरम काहीतरी घ्या आणि परत फिरा. आवडलं म्हणून वर रेंगाळू नका. त्या दिवशी सकाळी कोणाचं डोकं दुखत असेल तर तो माणूस खालीच राहील आणि त्याच्यासोबत कोणीतरी थांबेल, हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे वेळेवर कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

प्राण्यांबाबत एक नियम मुलांना पाठ होतो. हात लांब करून अंगठा उभा धरायचा आणि एक डोळा मिटायचा. अंगठ्यामागे सगळा प्राणी झाकला गेला तर अंतर पुरेसं आहे, नाहीतर मागे व्हायचं. एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) आणि रानमेंढ्यांपासून ७५ फूट, मूस आणि अस्वलापासून १२० फूट हा पार्काचा नियम आहे. मूस दिसतो शांत, पण पिल्लू जवळ असेल तर थेट अंगावर येतो. मोरेन पार्कच्या कुरणात पहाटे एल्क येतात, ते खुर्चीत बसून, शाल पांघरून बघायचे.

फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि परतीची वेळ डॅलसमधल्या कोणाला तरी लेखी देऊन ठेवा. उपग्रहावरून मदत मागण्याची सोय तुमच्या फोनमध्ये असेल तर ती घरी एकदा समजून घ्या. शेकोटी फक्त लोखंडी कड्यात, आणि आगीची बंदी असेल तर तीही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ईस्ट ट्रबलसम वणवा खंडविभाजक रांग ओलांडून या पार्कात उतरला होता, त्यामुळे इथे बंदी अगदी कडक पाळली जाते. रानातली काटकी उचलायची नाही, लाकूड कॅम्पग्राउंडवर विकत मिळतं.

एवढं सगळं करूनही आईंना किंवा बाबांना तंबू नकोच वाटला, तर त्यांच्यासाठी गावात खोली घ्या. सकाळी त्यांना जागेवर आणा, दिवसभर एकत्र राहा, रात्री जेवून सोडून या. मी कित्येक घरांना हेच सुचवते. मुलांना तंबू मिळतो, आजी-आजोबांना गादी आणि गरम पाणी मिळतं. जुलैत एस्टेस पार्कच्या खोल्या लवकर भरतात, तेव्हा जानेवारीतच रद्द करता येण्याजोगी एक खोली धरून ठेवा आणि आई-बाबा डॅलसला आल्यावर जूनमध्ये निर्णय घ्या. त्याआधी एका संध्याकाळी घरामागे खाट उघडून आईंना तिच्यावर आडवं व्हायला आणि कोणाचाही हात न धरता उठायला सांगा. तीनदा उठता आलं तर खोली रद्द करायला हरकत नाही.

शेवटच्या दिवशी जागा दुपारी बाराला सोडावी लागते. कॅम्पग्राउंडमध्ये आंघोळीची सोय नाही, त्यामुळे तिथून थेट विमानतळ गाठू नका. शेवटची रात्र डेन्व्हरला ठेवा, भाड्याचं सामान वाटेत परत करा, आणि परतीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं घ्या.